सामाईक हेडरची कुळकथा

नंदुरबार असो की मुंबई, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या मुलांनी ८०५१ ही चिप हाताळलेली असते. आधी असेंब्लीत, मग सी-मध्ये. कीलचं सॉफ्टवेअर असेल तर सी-साठी ‘रेग५१ डॉट एच’ जोडायची, असेंब्लीसाठी ‘रेग५१ डॉट इंक’. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून पाहा. पोर्ट वनचा पत्ता एकीत हेक्स ९०, दुसरीतही ९०. लिहिण्याची रीत तेवढी वेगळी.

म्हणजे एकच नोंद दोन ठिकाणी. नंदुरबारच्या मिरची बाजारात काटापट्टीवर एक वजन आणि अडत्याच्या वहीत दुसरं निघालं, तर भांडण तिथल्या तिथे होतं. प्रोग्राममध्ये तसं होत नाही. मशीन मुकाट्याने भलत्याच जागी लिहीत राहतं.

‘रेग५१ डॉट एच’सारखी, प्रोग्राममध्ये आणून जोडायची फाइल म्हणजे हेडर. ही कल्पना मुळात सी-ची नव्हे. मार्टिन रिचर्ड्स यांच्या १९६७ च्या बीसीपीएल भाषेत ‘गेट’ म्हटलं की ‘लिबहेडर’ नावाची फाइल आत यायची. सी-मध्ये प्रीप्रोसेसर आला तो १९७२-७३च्या सुमारास, आणि सी-चे कर्ते डेनिस रिची यांनी त्याचं काही श्रेय अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहाला दिलं आहे. तेव्हा त्याला दोनच कामं येत: दुसरी फाइल आणून ओतायची आणि एका नावाच्या जागी दुसरा मजकूर ठेवायचा. अटी घालायची सोय माइक लेस्क आणि जॉन रायझर यांच्या हातून नंतर झाली.

१९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी-मध्ये उतरला, तरी हजारेक ओळी असेंब्लीत उरल्याच. त्यांतल्या आठशे ओळींचं काम सी-ला जमण्यासारखंच नव्हतं. आणि त्यांना सी-च्या हेडरमधलं काही दिसत नसे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ‘यूसाइझ’ म्हणजे १६, हे हेडरमध्ये लिहिलं होतं आणि असेंब्लीच्या फाइलीत पुन्हा हाताने. १९९१ च्या पहिल्या लिनक्समध्येही तोच प्रकार: स्ट्रक्चरमधली अंतरं असेंब्लीत ०, ४, ८, १२ अशी थेट मांडलेली, आणि सी-च्या बाजूला ‘हात लावू नका’ अशा अर्थाची ताकीद. ताकिदीवर चालणारा कारभार किती दिवस टिकणार?

वाट काढली ती प्रीप्रोसेसरच्या अडाणीपणाने. त्याला सी येतच नाही, तो फक्त मजकूर बदलतो. मग असेंब्लीचा मजकूर का बदलू नये? म्हणून जीसीसी या कंपायलरमध्ये फाइलच्या नावाशेवटी कॅपिटल ‘एस’ असला की ती आधी प्रीप्रोसेसरमधून जाते. स्मॉल असला की सरळ असेंब्लरकडे. कॅपिटल ‘एस’वाल्या फाइलीला प्रीप्रोसेसरमधून जाताना ‘असेंब्लर’ ही खूण आपोआप लागते, आणि ती पाहून हेडरमधला निव्वळ सी-चा भाग वगळता येतो.

आकड्यांचं असं भागलं. स्ट्रक्चरमधला एखादा घटक सुरुवातीपासून किती बाइटवर आहे, हे मात्र कंपायलरलाच ठाऊक. बर्कलेच्या युनिक्सने त्यासाठी ‘जेनअसिम’ नावाचा छोटा सी प्रोग्राम ठेवला. तो खरी हेडरं वाचून असेंब्लीला लागणारे आकडे छापून द्यायचा. लिनक्समध्ये हेच काम ‘एएसएम-ऑफसेट्स’ करतं, आणि जास्त हुशारीने: तो प्रोग्राम चालवावाच लागत नाही, कंपायलरने काढलेल्या असेंब्लीतून आकडे वेचून हेडर तयार होतं. दुसऱ्याच प्रोसेसरसाठी कोड बनवताना ही मोठीच सोय.

प्रोजेक्टला बसणाऱ्यांनी एवढं करावं: निव्वळ आकडे एका हेडरमध्ये, स्ट्रक्चर आणि फंक्शनची घोषणा दुसऱ्यात, आणि जीसीसी वापरत असाल तर असेंब्ली फाइलचा ‘एस’ कॅपिटलच ठेवा.