मु. पो. आणि पी. ओ. बॉक्स

१९७९ साली मी कुवेतला निघालो तेव्हा घरात सगळ्यांना काळजी माझ्या खाण्यापिण्याची. मला काळजी पत्राच्या पत्त्याची. आई-बाबा दोघं निरक्षर. पत्र लिहून द्यायचे ते शाळेतले मास्तर. तेच आमच्या वाडीचं पोस्टही सांभाळायचे. मास्तरांचं मराठी अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की हात थरथरायचा. म्हणून जायच्या आधी दोन रात्री बसून चाळीस पाकिटांवर मीच इंग्रजीत पत्ता लिहिला आणि गठ्ठा देवघराच्या फळीवर ठेवून गेलो. पुढे दर सुट्टीत नवा गठ्ठा.

म्हणजे परदेशात मला जे पत्र यायचं, त्यावरचं अक्षर माझंच असायचं.

पूर्णगडच्या खाडीकडच्या आमच्या वाडीत पोस्टमन चिखल तुडवत, साकव ओलांडत दारात यायचा. ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, कुणाला वाचता येत नसेल तर पत्र वाचूनही दाखवायचा. कुवेतमध्ये रुंद रस्ते होते, मोटारी होत्या, पण आमच्यासारख्यांच्या दारात पोस्टमन नव्हता. पत्र यायचं ते कंपनीच्या पी. ओ. बॉक्सवर, खाली 'सफात, कुवेत'. पेटीची किल्ली मंदूबकडे. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा, कागद घेऊन फिरणारा माणूस. व्हिसाचं, लायसनचं काम झालं की वाटेत तो पेटी उघडणार. थैली ऑफिसच्या टेबलावर पडणार, कारकून निवडणार, आणि गुरुवारी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला गाडी कॅम्पवर येणार तेव्हा पत्रं आमच्या हातात. गुरुवार हुकला की पुढचा गुरुवार.

त्यात नावांचा घोळ. आपल्याकडे स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव अशी रीत. पासपोर्टात आडनाव पुढे. हजेरीपटावर तिसरंच. आमच्या आडनावाचे कॅम्पात तिघे, त्यातल्या दोघांच्या बापांची नावंही एकच. दुसऱ्याच्या बायकोचं पत्र आपण फोडावं, 'इकडील सर्व क्षेम' वाचून झाल्यावर पुढे भलताच मजकूर लागावा आणि खाली मान घालून ते त्याला नेऊन द्यावं, असं माझ्या हातून दोनदा झालं. तिकिटं कमी पडली तर पत्र कुठून कसं फिरून यायचं, त्याचा पत्ताच नाही. गणपतीचं पत्र मला एकदा दिवाळीत मिळालं.

आमच्या घराण्याला हे नवीन नव्हतं. आजोबा बी. आय. कंपनीच्या बोटीवर खलाशी. या कंपनीच्या बोटी मुंबईहून बसऱ्यापर्यंत टपाल आणि माणसं नेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या किती घरांतली माणसं त्या बोटींवर होती, ते जुन्या माणसांना विचारावं. १९६१ च्या एप्रिलमध्ये त्यांचीच 'दारा' दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली आणि २३८ माणसं गेली, तेव्हाही नावं कळायची वाट बघत बसणं आलंच. त्या मार्गावरची शेवटची 'द्वारका' १९८२ साली थांबली. आमच्या कॅम्पात तिच्यावरून आलेले दोघे होते. विमानाने आलेल्यांना ते जरा कमीच समजायचे!

गंमत अशी, की आजोबांच्या काळात आखातातलं टपाल आपल्याच पोस्टखात्याच्या हाती होतं. मस्कतला १८६४ साली हिंदुस्थानी पोस्ट ऑफिस उघडलं, कुवेतला १९१५ साली. तिथे आपलीच तिकिटं चालत, १९२३ पासून त्यांवर 'कुवेत' असा छाप मारू लागले, एवढंच. स्वातंत्र्यापर्यंत हा कारभार होता. रुपयासुद्धा आपला. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला. आजोबा सांगायचे, "तिकडं काय, मुंबैच ती, फक्त पानी नाय." मी पोचलो तोवर ती मुंबई पार परकी झाली होती.

रत्नागिरीत थिबा राजाच्या राजवाड्यावरून जाताना आता मला वेगळंच काही वाटतं. १८८६ साली इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच गेला. तीस वर्षं. आमच्यासाठी जे गाव म्हणजे घर, ते त्याच्यासाठी परदेश. त्याच्यावर सरकारी पहारा होता, आमच्यावर नव्हता. तरी आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटातच असत.

आता १९८४ च्या जूनचं सांगतो. मी शहरापासून दूर साइटवर होतो. ऑफिसात माझ्या नावाची तार येऊन पडली आणि चार दिवस टेबलावरच राहिली. तार चुलतभावाने रत्नागिरीहून केलेली : बाबा सीरियस, ताबडतोब निघ. आमच्याकडे तारेत 'सीरियस' लिहिलं की माणूस गेला असंच समजायचं. पण कधी कधी खरंच सीरियसही असतो. वाडीत फोन नाही. रत्नागिरीत ट्रंककॉल लावायचा तर कुणाला? मी रजेचा अर्ज दिला. पासपोर्ट मिळायला आठवडा लागेल म्हणाले.

पुढच्या गुरुवारी पत्र आलं. माझ्याच अक्षरातला पत्ता. आत मास्तरांचं अक्षर, पण बोलणं बाबांचं. 'चि. यास अनेक आशीर्वाद. पाऊस अजून धरला नाही. आंब्याखालच्या कोपऱ्यात विहिरीला पाणी लागेल असं पाणक्या म्हणतो. खणायची की नाही ते कळव.' वर तारीख नव्हती, तिथी होती. बाबांचा आग्रहच तसा. 'ज्येष्ठ' आणि 'पंचमी' स्पष्ट, मधलं अक्षर घडीवर येऊन फुटलेलं. शुद्ध की वद्य? पाकिटावरचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग. शुद्ध असेल तर पत्र तारेच्या आधीचं, वद्य असेल तर नंतरचं.

मी वद्य वाचलं. वाचायला तेच बरं वाटलं. म्हणजे तारेनंतर बाबा उठून बसले, विहिरीच्या गोष्टी करायला लागले. मी रजेचा अर्ज मागे घेतला आणि त्याच रात्री उत्तर लिहिलं : विहीर जरूर खणा, पैसे पाठवतो.

त्यानंतरच्या गुरुवारी मास्तरांचं दुसरं पत्र. बाबा तारेच्या आदल्या दिवशीच गेले होते. अग्नी चुलतभावाने दिला. मी एकुलता एक. तेराव्यालाही नव्हतो.

पत्रातली खूण मला दिसली कशी नाही, याचं अजून नवल वाटतं. 'पाऊस अजून धरला नाही.' कोकणात ज्येष्ठ वद्य पंचमीला त्या वर्षी जूनचा तिसरा आठवडा चाललेला. तोवर आमच्याकडे भाताची रोपं वर येतात. पाच वर्षं वाळवंटात राहून मी पावसाचा हिशेबच विसरलो होतो. मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही.

माझं उत्तर श्रावणात घरी पोचलं. बाबांच्या नावाचं. आईने ते न फोडता देवघराच्या फळीवर, कोऱ्या पाकिटांच्या शेजारी ठेवून दिलं. विहीर पुढच्या उन्हाळ्यात खणली, त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यातच. पाणी लागलं.

तेव्हापासून मी मास्तरांना बजावलं : वर इंग्रजी तारीख घालायची आणि पत्राला नंबर टाकायचा. एखादा गुरुवार कोरडा गेला की निदान कितवं पत्र हरवलं ते तरी कळायचं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं आणि नंबरही संपले. बगदाद, अम्मान करत आम्ही निघालो. अम्मानहून एअर इंडियाची विमानं हजारो माणसं आणत होती, त्यात एक मी. एक पिशवी आणि अंगावरचे कपडे घेऊन एस.टी.तून वाडीत उतरलो.

काही महिन्यांनी पोस्टमन आला, ओटीवर बसला आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. पत्ता माझ्या अक्षरातला, त्यावर काट मारून टपाल बंद असल्याचा शेरा. कुवेतला जायला निघालेलं पत्र परत आलं होतं. वर मास्तरांनी नीट लिहिलं होतं : नंबर ६१, ४ ऑगस्ट १९९०.

आई आतून पदराला हात पुसत आली. "कुनाचं पत्र?"

"तुझंच," मी म्हटलं.

तिला आठवेना. खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "वाच तरी, काय लिवलंय मी."