कोड खुला करायचाय, पण आधी तो आहे कुणाचा?

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने जाहीर केलं की आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड ती खुला करणार. ही गोष्ट सहसा मायक्रोसॉफ्टबरोबरच्या ब्राउझर-युद्धातलं एक प्रकरण म्हणून सांगतात. ती तशी आहेच. पण तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल, तर त्या घोषणेपासून ३१ मार्चपर्यंतचे, म्हणजे कोड खरोखर बाहेर येईपर्यंतचे, जेमतेम दहा आठवडे नीट बघा.

खुला परवाना म्हणजे कॉपीराइट सोडून देणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. परवाना देऊ शकतो तो कॉपीराइटचा मालकच. आणि नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेले कितीतरी भाग होते. ते वापरायचा हक्क होता, वाटायचा नव्हता. मग प्रत्येक मालकाला विचारा, नाही म्हणाला तर भाग काढा! एन्क्रिप्शनचा कोड तर अमेरिकेच्या निर्यात-नियमांमुळेही काढावा लागला. म्हणजे मार्चअखेर लोकांच्या हाती आला तो जागोजागी भगदाडं पडलेला ब्राउझर होता.

परवान्याचा मसुदा मार्चमध्येच लोकांसमोर ठेवला होता. नेटस्केपला त्यात खास हक्क हवा होता: बाहेरच्यांनी केलेले बदल स्वतःच्या बंदिस्त उत्पादनांतही वापरायचा. तोच कोड कंपनीच्या इतर उत्पादनांत होता, दुसऱ्या कंपन्यांशी करार होते. मागणी अगदीच बिनबुडाची नव्हती. पण फुकट काम करणाऱ्यांना ती खटकली, आणि माझ्या मते खटकायलाच हवी होती. तोडगा म्हणून दोन परवाने निघाले. जुन्या कोडला खास हक्कवाला एनपीएल, नव्या फायलींसाठी सगळ्यांना समान वागवणारा एमपीएल.

खरी गंमत पुढे आहे. हे दोन्ही परवाने जीपीएलशी जुळत नव्हते, म्हणून २००१ च्या सुमारास मोझिला प्रकल्पाने सगळा कोड जीपीएल आणि एलजीपीएलखालीही द्यायचं ठरवलं. एनपीएलच्या फायलींचं काम त्या मानाने सोपं, कारण लोकांना खटकलेल्या त्याच खास हक्काच्या जोरावर नेटस्केप परवाना बदलू शकत होती. एमपीएलच्या फायलींत मात्र कॉपीराइट ज्याचा-त्याच्याकडेच राहिला होता. तेव्हा एकेका लेखकाला गाठून परवानगी मागणं आलं. हे काम २००६ पर्यंत चाललं.

यावर काम करायचं असेल तर जाहीरनाम्यांच्या आधी त्या काळच्या फायली उघडा. बहुतेकींच्या डोक्यावर परवान्याचा मजकूर आहे, मूळ कोड कुणाचा ते आहे, आणि बऱ्याच ठिकाणी खाली हातभार लावणाऱ्यांची नावं. एकाच फायलीच्या १९९८, २००१ आणि २००६ च्या प्रती शेजारी-शेजारी ठेवा, आणि कुठली ओळ बदलली, कुठली तशीच राहिली, याची नोंद करत जा.