लाँग-ईझी विमान-अपघात तपास (१९९७)

अमेरिकन गायक-गीतकार जॉन डेन्व्हर (१९४३–९७) यांचा ज्या विमान-अपघातात मृत्यू झाला, त्याची अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने केलेली चौकशी. हौशी बांधणीच्या विमानांच्या अपघात-तपासातील हे बहुधा सर्वांत परिचित प्रकरण होय. अपघात १२ ऑक्टोबर १९९७ रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या गावालगत, पॉइंट पिनोसजवळच्या समुद्रात झाला. विमानात डेन्व्हर एकटेच होते.

विमान : लाँग-ईझी हा बर्ट रुटान यांचा आराखडा. पहिले विमान १९७९ मध्ये उडाले आणि १९८० पासून त्याचे नकाशे विक्रीस आले. काही हौशी विमाने सुट्या भागांच्या तयार संचातून जोडली जातात. लाँग-ईझी मात्र नकाशे पाहून, फोम व काचतंतूंच्या थरांतून मालकाने स्वतःच घडवायचे असते. दोन आसने एकामागे एक, इंजिन व पंखा पाठीमागे, मुख्य पंख मागे आणि नाकाजवळ कॅनार्ड हा छोटा पंख, अशी त्याची ठेवण आहे. वेग घटला की आधी हा पुढचा पंख उत्थापन गमावतो आणि नाक आपोआप खाली येते. त्यामुळे मुख्य पंखाची पकड सुटून विमान गरगरत कोसळण्याचा धोका या रचनेत कमी मानला जातो. म्हणूनच हे विमान ताब्याबाहेर गेले कसे, हा प्रश्न तपासात महत्त्वाचा ठरला.

विमानाचा निम्म्याहून अधिक भाग स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी बांधला असेल, तर अमेरिकेत त्याला ‘प्रायोगिक’ गटातील वायुयोग्यता प्रमाणपत्र मिळते. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानांवरचे रचनेचे नियम त्याला लागू नसतात. आराखड्यापासून हवे तिथे बाजूला जाण्याची मुभा बांधणाऱ्याला असते आणि नावाने एकच असलेली दोन विमाने आतून बरीच वेगळी निघू शकतात. अशा अपघाताच्या तपासाची खरी अडचण हीच. दुसऱ्या एखाद्या विमानावरून निष्कर्ष काढता येत नाही. ते विशिष्ट विमान कसे बांधले गेले, हे आधी उलगडावे लागते. त्यातच लहान विमानात उड्डाण-नोंदणी यंत्र सहसा नसते.

अवशेष व साक्षी : विमान किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पडले आणि त्याचे तुकडे पाणबुड्यांनी वर काढले. किनाऱ्यावरच्या अनेकांनी विमान पाहिले होते. ते समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे फूट उंचीवर होते. काहींनी फटफट असा आवाज ऐकला, काहींना इंजिनाचा आवाज मंदावल्याचे जाणवले. त्यानंतर विमान कलंडून नाक खाली करून पाण्यात शिरले. इंजिनात अपघातापूर्वीचा यांत्रिक बिघाड आढळला नाही. डेन्व्हर यांच्या शरीरात मद्य वा अमली पदार्थ सापडले नाहीत. मात्र पूर्वीच्या मद्यपानाच्या प्रकरणांमुळे त्यांचे वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र त्या वेळी वैध नव्हते. वृत्तपत्रांनी या मुद्द्याला बरीच जागा दिली. मंडळाने तो कारणांत धरला नाही.

इंधनाची झडप : तपासाचा रोख लवकरच एका मुठीकडे वळला. लाँग-ईझीत दोन्ही बाजूंच्या टाक्यांपैकी एका वेळी एकीतून इंधन घेतले जाते आणि टाकी बदलणारी झडप रुटान यांच्या आराखड्यात वैमानिकाच्या दोन पायांमध्ये आहे. या विमानाच्या मूळ बांधणाऱ्याला इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षात नको होत्या. हेतू सुरक्षिततेचाच. त्याने झडप मागे नेली आणि मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या पडदीवर बसवली. मुठीवर खुणा नव्हत्या. मूठ उजवीकडे वळवली की डावी टाकी चालू होई, खाली केली की उजवी. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्या मागच्या आसनाजवळ होत्या. त्यांवरही आकडे नव्हते आणि पुढे बसलेल्या वैमानिकाला त्या सरळ दिसत नसत. शिवाय इंजिन मूळ आराखड्यातल्यापेक्षा मोठे होते.

डेन्व्हर यांना एकूण सुमारे २,७०० तासांचा उड्डाण-अनुभव होता. वडील हवाई दलातले वैमानिक, त्यामुळे विमाने घरचीच. पण हे विमान त्यांच्या हाती आदल्याच दिवशी आले होते आणि त्यावरचे प्रशिक्षण जेमतेम अर्ध्या तासाचे. अपघाताच्या दिवशी माँटेरे विमानतळावर एका तंत्रज्ञाशी त्यांचे या मुठीविषयी बोलणे झाले. पक्कड लावून मूठ लांबवण्याचा प्रयत्न साधला नाही. मागच्या नळ्या पाहता याव्यात म्हणून आरसा देण्यात आला. टाकी बदलायची वेळ आलीच तर तेवढा वेळ स्वयंचलित नियंत्रण लावू, असे डेन्व्हर म्हणाले. तासाभराचेच उड्डाण असल्याने इंधन भरण्यास त्यांनी नकार दिला. अडचण त्यांना ठाऊक होती, हे या संभाषणावरून उघड होते.

तपासकांनी दुसऱ्या लाँग-ईझीत बसून ही हालचाल करून पाहिली. मुठीपर्यंत पोचण्यासाठी नियंत्रणदांडीवरचा उजवा हात सोडून डावीकडे पूर्ण वळावे लागे. असे वळताना आधारासाठी उजवा पाय पेडलवर आपसूक रेटला जाई आणि विमानाला उजवे रडर (सुकाणू) मिळे. पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून डेन्व्हर यांनी पाठीमागे उशी घेतली होती, तीमुळे वळणे आणखी अवघड झाले असावे. अवशेषांतील झडप कोणत्याही टाकीला पूर्ण न जोडलेल्या, मधल्या स्थितीत सापडली.

निष्कर्ष : जानेवारी १९९९ मधील निर्णयानुसार, मूठ फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष उड्डाणावरून ढळले व नकळत उजवे रडर दाबले जाऊन विमान ताब्याबाहेर गेले. उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी, विशेषतः इंधन न भरणे, हेही कारण ठरले. खुणा नसलेली मूठ गैरसोयीच्या जागी बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय, आकडे नसलेल्या पातळी-नळ्या आणि या प्रकारच्या विमानाचे तोकडे प्रशिक्षण व अनुभव हे साहाय्यभूत घटक मानले गेले. आराखडा ज्याचा, त्या रुटान यांच्याकडे यातील काहीच गेले नाही.

पुढील अभ्यास : २०१२ मध्ये मंडळाने हौशी बांधणीच्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या सामान्य विमानवाहतुकीच्या ताफ्यात ही विमाने सुमारे १० टक्के, पण २०११ मधील प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. इंजिन-यंत्रणेचे बिघाड आणि हवेतील नियंत्रण सुटणे हे प्रमुख प्रकार आढळले. अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने, डेन्व्हर यांच्या विमानाप्रमाणेच, दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. नव्या मालकाने त्या विशिष्ट विमानावरच प्रशिक्षण घ्यावे आणि इंधन-यंत्रणेची चाचणी उड्डाणापूर्वी नीट व्हावी, या अर्थाच्या शिफारशी केंद्रीय विमान-प्रशासनाला व हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनेला करण्यात आल्या.