हाताजोगी मूठ

आमच्या मोहल्ल्यात शिकलगारांची तीन घरं होती. तलवारींचे दिवस केव्हाच सरले होते. मग ही मंडळी विळे, खुरपी, अडकित्ते, सुऱ्या यांना धार लावायची आणि मुठी बसवायची. त्यांतले एक चाचा गिऱ्हाइकाला आधी दाम सांगत नसत. "हात दाखव," म्हणत. हात पाहून मग लाकूड उचलत.

माझ्या वडिलांची उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कडबाकुट्टीत गेलं. जखम भरली, पण विळा हातात ठरेना. पकड करंगळीच्या बाजूने येते, हे तेव्हा घरात सगळ्यांना कळलं. चाचांनी जुनी मूठ काढून टाकली, शेवटाला जाड अशी नवी मूठ तासली, तिच्यात तीन बोटांपुरत्या खाचा पाडल्या. भोकात लाख वितळवली, पात्याचं मागचं निमुळतं टोक लालबुंद करून आत दाबलं. त्या सुगीला वडील शेतात गेले.

हे सगळं मला आठवलं ते अमेरिकेत. भाच्याकडे गेलो होतो. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ गॅरेजचं दार उघडं टाकून बसले होते. हातात डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे असते तशी. समोर पिस्तुलाचा नुसता खालचा सांगाडा. प्लॅस्टिकच्या मुठीवर ते तापलेल्या टोकाने एकेक ठिपका उठवत होते. मागचा फुगवटा कानशीने आधीच उतरवला होता. जळक्या नायलॉनचा वास सुटला होता. म्हणाले, बायकोचा हात लहान आहे, घाम आला की मूठ सटकते. एका बाजूला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

पिस्तुलाच्या मुठीवर असं काम पूर्वी करावं लागत नसे. अमेरिकन लष्कराचं १९११ सालचं कोल्ट पिस्तूल घ्या. त्याची मूठ म्हणजे पोलादी सांगाड्याच्या दोन बाजूंना स्क्रूने बसवलेल्या दोन फळ्या. अक्रोडाच्या लाकडावर बारीक चौकटींची नक्षी, पकड यावी म्हणून. नको झाली तर काढा, दुसरी लावा. जनरल पॅटनच्या कोल्ट रिव्हॉल्वरला हस्तिदंती मूठ होती, तिच्यावर त्याची आद्याक्षरं. ऐपतीप्रमाणे आणि मिजाशीप्रमाणे मूठ बदलता येत होती. आतलं पोलाद तेच राही.

प्लॅस्टिकने हा हिशेब बदलला. नायलॉन १९३५ साली ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली तयार झालं. त्याचे पायमोजे बायकांनी रांगा लावून घेतले. १९५९ मध्ये रेमिंग्टनने त्याच नायलॉनचा दस्ता असलेली बंदूक काढली. १९७० मध्ये जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीचं प्लॅस्टिक सांगाड्याचं पिस्तूल आलं, फारसं चाललं नाही. चाललं ते ऑस्ट्रियातलं. गॅस्टन ग्लॉक हे पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी सुऱ्या बनवणारे कारखानदार. पिस्तूल त्यांनी आधी कधी बनवलं नव्हतं. १९८२ साली ऑस्ट्रियन लष्कराने त्यांचं ग्लॉक १७ स्वीकारलं. वजन सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम, जुन्या कोल्टच्या जवळजवळ निम्मं. हे पिस्तूल विमानतळावरच्या यंत्राला दिसणार नाही, अशी अमेरिकेत आवई उठली आणि १९८८ मध्ये न दिसणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदाही झाला. ग्लॉकचा वरचा भाग आणि नळी पोलादाची असते, ते यंत्राला दिसतच होतं.

मात्र या पिस्तुलाची मूठ वेगळी काढता येत नाही. मूठ आणि सांगाडा एकाच साच्यातून निघतो. स्क्रू नाही, फळी नाही. अमेरिकन कायद्याच्या लेखी तर तो सांगाडा म्हणजेच शस्त्र. क्रमांक असलेली धातूची पट्टी त्यातच बसवलेली असते. म्हणजे मूठ तासायची तर शस्त्राच्या अंगालाच हात घालायचा. चुकलं तर परतीची वाट नाही. कंपन्यांना हे पसंत नसतं, आणि दुसऱ्याच्या हाताजोगी केलेली मूठ विकत घ्यायला गिऱ्हाईक कां कूं करतं. तरी लोक करतात, कारण साच्यातला हात कुणाचाच नसतो.

कंपनीनेही एकदा बोटांची जागा ठरवून पाहिली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ग्लॉकच्या मुठीवर बोटांसाठी उंचवटे आले. ज्यांची बोटं त्या मापाची होती ते खूश, बाकीच्यांनी कानस उचलली. २०१० मध्ये मागचा भाग लहानमोठा करता येईल अशा पट्ट्या दिल्या. २०१७च्या नव्या पिढीत बोटांचे उंचवटे काढूनच टाकले. गॅरेजमधली माणसं ते वीसेक वर्षं घासत होती!

आपल्याकडे फिरंग हे नावच पाहा. पातं युरोपातून, बरंचसं पोर्तुगिजांमार्फत आलेलं. मूठ इथल्या कारागिराने चढवलेली. बोटांवर परज, आत गादी, मुठीच्या टोकाला गज, म्हणजे दुसऱ्या हातानेही धरता यावी. परक्याचं पोलाद मराठी हाताला बसवायचं काम त्या मुठीने केलं. ती बसवायची लाखेनेच. (आकाशवाणीच्या संग्रहातल्या जुन्या ७८च्या तबकड्याही लाखेच्या मिश्रणाच्या.) लाख तापवली की मूठ सुटते, पुन्हा बसवता येते. नायलॉनवरचा डाग मात्र कायमचा.

मी कौतुक करतो आहे असं समजू नका. विळा वेगळा, पिस्तूल वेगळं. अमेरिकेत २०२१ साली बंदुकांनी ४८ हजारांहून अधिक माणसं मेली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी ती स्वतःवरच चालवली होती. त्या गृहस्थांना मी हे विचारणार होतो. पण त्यांनी बायकोला हाक मारली, मूठ तिच्या हातात दिली आणि तिची बोटं कुठे पोहोचतात ते वाकून पाहू लागले. चाचा बघायचे तसंच. माझ्याने विचारवलं नाही. भाचा म्हणाला, मामू, बरं केलंत. मला अजून तसं वाटत नाही.

वडिलांचा विळा माझ्याकडे आहे. पातं गंजलं, लाख पक्की आहे. मी तो कधीमधी धरून पाहतो. तीन बोटं खाचांत नीट बसतात. उरलेल्या दोघांना जागा मिळत नाही. ती मुठीबाहेर लोंबत राहतात.