स्वमग्नता : व्यक्ती व कुटुंबांना आधार (रावेत परिसर)

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. मेंदूच्या जडणघडणीतील ही जन्मजात भिन्नता असून तिच्या खुणा बहुधा पहिल्या तीन वर्षांत दिसू लागतात. हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, ठरलेला क्रम बदलला की बिथरते. मिक्सरचा किंवा ढोल-ताशाचा आवाज काहींना सोसतच नाही. अमेरिकेतील बालमानसचिकित्सक लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून तिचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर बरीच वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला जात होता. संशोधनाने ती समजूत खोडून काढली; पण ‘मोबाइल हातात दिला म्हणून असं झालं’ हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडी आजही असते आणि ते ऐकावे लागते बहुतेक वेळा आईलाच.

पवनाकाठचे रावेत 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले आणि महामार्ग व औंध–रावेत रस्त्यामुळे इमारतींनी भरून गेले. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत किंवा चाकण-तळेगावच्या कारखान्यांत नोकरी, आजी-आजोबा गावाकडे, अशी अनेक घरे येथे आहेत. अशा घरात निदानानंतर प्रश्न उभा राहतो तो वेळेचा. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षक यांची सत्रे पाऊण-एक तासाची. उरलेला दिवस घरच्यांचाच. म्हणून दात घासणे, कपडे घालणे, चित्रकार्ड दाखवून पाणी मागणे या रोजच्या गोष्टींतून कसे शिकवायचे, हे पालकांना शिकवणे ही सत्रांची संख्या वाढवण्याहून अधिक मोलाची मदत ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी असा प्रशिक्षणक्रम तयार केला आहे. दिल्लीच्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ने आणि मुंबईच्या ‘उम्मीद’ केंद्रानेही पालकांना सोबत घेऊनच काम उभे केले. पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. औषधे दिली जातात ती झोप, फिट्स, चिडचिड यांसारख्या सोबतच्या त्रासांवर.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्दे असून प्रत्येकाला 1 ते 5 गुण असतात. एकूण 70 ते 106 गुण सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र स्वमग्नता मानली जाते. दिव्यांगांना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या यूडीआयडी ओळखपत्रासाठीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग येतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारी कुटुंबे या सवलतींना मुकतात, आणि बोर्डाच्या परीक्षेतील वाढीव वेळ व लेखनिक यांनाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. लक्षणीय, म्हणजे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्यक्षात खासगी शाळा अनेकदा शॅडो टीचरची, म्हणजे वर्गात मुलासोबत राहणाऱ्या मदतनीस शिक्षिकेची, अट घालतात आणि या शिक्षिकेचा पगार पालकांच्या माथी येतो. रावेतजवळ निगडीत बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या ‘कामायनी’ संस्थेची शाखा आहे आणि महापालिकेचे दिव्यांग भवन पिंपरीत मोरवाडी येथे आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ज्या प्रौढाला आपले निर्णय स्वतः घेणे जमत नाही, त्याच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. या समितीत जिल्हाधिकारी असतात. रोजगाराची वाट याहून अरुंद आहे. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांसाठीच्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार इत्यादी गटांत मिळून आहे. खासगी कारखान्यांवर असे बंधन नाही. चाकणच्या पट्ट्यात नोकऱ्या बहुतांशी खासगी असल्याने सुटे भाग निवडणे, मोजणे, पेटीत भरणे अशी ठरावीक क्रमाची कामे काही स्वमग्न तरुणांना जमण्याजोगी असूनही त्यांना ती द्यायची की नाही, हे व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहते.