एका ‘स’चा फरक

काही वर्षांपूर्वी व्हर्जिनिया वुल्फवरचा एक लेख मी मराठीत आणत होते. त्यात ‘कासिस’ हा शब्द आला. मी शब्दकोश पाहिला आणि ‘एका काळ्या आंबटगोड फळाचे मद्य’ असे लिहून पुढे गेले. छपाईला जाण्याआधी चूक लक्षात आली. ते फळ आणि त्यापासून दिजाँकडे होणारे गोड मद्य म्हणजे ‘कासिस’. वुल्फ गेली होती ते मार्सेलच्या पूर्वेचे लहानसे बंदर. त्याचे स्पेलिंग अगदी तेच. पण तिथले जुने रहिवासी शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत. त्यांच्यासाठी गाव ‘कासी’.

या कासीची ओळख व्हाइट वाइन. चुनखडीचे उतार, पाने कोरडी ठेवणारा मिस्त्राल वारा, उन्हाळा सुसह्य करणारा समुद्र आणि मागे सुमारे 394 मीटर उंचीचा काप कनाय कडा. मार्सान आणि क्लेरेत या इथल्या प्रमुख द्राक्षजाती. 15 मे 1936 रोजी फ्रान्सने मूळस्थानावरून वाइनची नावे कायद्याने राखायला सुरुवात केली, तेव्हा शातोनफ-द्यु-पाप, तावेल यांच्याबरोबर पहिल्याच तुकडीत कासी होते. आखलेल्या हद्दीबाहेरच्या वाइनला हे नाव लावता येत नाही.

नाव मातीचे, असे हा कायदा म्हणतो. पण त्या मातीत रुजलेले सगळे तिथलेच आहे का? या किनाऱ्यावर द्राक्षवेल रुजवली ती इ.स.पू. 600च्या सुमारास मार्सेल वसवणाऱ्या ग्रीकांनी. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड अमेरिकेतून आली आणि बागा उजाड झाल्या. उपायही अमेरिकेतूनच आला : तिकडच्या वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम. ‘खुंट’ हा शब्द मला कोशात शोधावा लागला नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार ‘डॉगरिज’ खुंटावर आजही कलम करतो, आणि तोही मूळचा अमेरिकनच.

या इतिहासात आपल्याकडून गेलेला एक माणूसही आहे. 1920च्या दशकात फोंक्रूझची द्राक्षबाग कर्नल टीड यांच्याकडे होती. ते ब्रिटिश हिंदी लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांच्याच आवारातले ‘ला बेर्जेर’ हे घर 1928 पासून व्हर्जिनियाची बहीण, चित्रकार व्हनेसा बेल, हिने घेतले. त्याआधी, 1927च्या मे महिन्यात, कासीतल्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांविषयी व्हनेसाने बहिणीला लिहिले होते. त्या पत्रातून एका कादंबरीचे बीज पडले. तिचे पहिले नाव होते ‘द मॉथ्स’. 1931 साली ती ‘द वेव्हज’ म्हणून प्रसिद्ध झाली.

माझ्या चुकीच्या भाषांतरात हे सगळे बुडाले असते. वाचकाला वाटले असते, दोघी बहिणी फळांच्या गोड मद्याविषयी बोलत आहेत. कायदा बाटलीवरच्या नावाला जपतो. पण तेच नाव भाषांतरकाराच्या वहीत आले की त्याला राखायला कोणी नसते. ते काम माझ्यावरच येते.

मी ती ओळ खोडली आणि लिहिले : ‘कासीला’. विभक्तीचा एक प्रत्यय लागला आणि मद्याचे गाव झाले.