बंदुकीचा कुंदा



बंदूक म्हटली कीं आपलें लक्ष प्रथम जातें तें तिच्या नळीकडे आणि घोड्याकडे. नळीखालचें लाकूड, ज्यास आपण कुंदा म्हणतों, तें कोणाच्या खिजगणतींतहि नसतें. परंतु बाराचा धक्का खांद्यावर येतो तो कुंद्यावाटें, आणि नेम चुकतो तोहि पुष्कळदां कुंद्यामुळेंच. इतकेंच नव्हे, तर यंत्रयुगाच्या इतिहासांतलें एक मोठें वळण या लाकडाच्या तुकड्यानें घडविलें आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

कुंदा आकारानें मोठा अवघड. तो खांद्याकडे रुंद, मुठीजवळ बारीक, आणि पुढें नळीस कवेंत घेणारा. त्याला लाकूड बहुधा अक्रोडाचें. कारण तें चिवट असून वजनानें बेताचें, पटाशीखालीं स्वच्छ कापलें जाणारें, व एकदां नीट वाळलें म्हणजे फारसें न वळणारें. अठराव्या शतकांत हें सारें हातकाम होतें. मुरलेल्या कारागिरासहि दिवसाकांठीं एकदोन कुंदेच साधत, आणि एकाचा कुंदा दुसऱ्याच्या बंदुकीस बसेल याची शाश्वती नसे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १७८८ सालीं जन्मलेल्या टॉमस ब्लँचर्ड यानें ही स्थिति पालटली. मिलबरी येथील बंदुकांच्या एका कारखान्यासाठीं त्यानें नळ्या कातण्याचें यंत्र बसविलें होतें. नळीचें काम करणारे कारागीर हवालदिल झाले. तेव्हां कुंदे घडविणारा एकजण म्हणाला कीं आपल्या पोटावर कांहीं हा पाय देऊं शकणार नाहीं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १८१९ मध्यें ब्लँचर्डनें कुंदा कातणाऱ्या लेथचें पेटंट मिळविलें. तिची युक्ति सोपी आहे. कुंद्याचा एक लोखंडी नमुना व एक ओबडधोबड लाकूड हीं दोन्ही एकाच वेगानें फिरतात. नमुन्यावरून एक चाक चालतें. त्यास जोडलेलें पात्यांचें चाक नमुन्याच्या प्रत्येक उंचसखल जागेबरहुकूम लाकूड तासतें. म्हणजे कारागिराच्या डोळ्यांत व मनगटांत असलेलें ज्ञान त्या लोखंडी नमुन्यांत उतरलें.

ब्लँचर्ड पुढें स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत काम करूं लागला. नळीची, कळीची, स्क्रूची खांच पाडण्यासाठीं निरनिराळीं यंत्रें त्यानें रचिलीं. कांहीं वर्षांतच त्यांची संख्या १४ झाली. १८५३ मध्यें अमेरिकेस गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञास तेथें एक कुंदा यंत्रांवर सुमारें २२ मिनिटांत तयार होतो असें आढळून आलें. पुढें इंग्रज सरकारनें तशींच यंत्रें मागवून एनफील्डचा कारखाना सजविला. त्याच तत्त्वावर कुऱ्हाडीचे दांडे, चाकांचे आरे आणि जोड्यांचे साचेहि निघूं लागले. लाभ झाला खरा. पण ज्याचें कसब हेंच ज्याचें भांडवल, त्या कारागिराचें मोल मात्र उतरलें.

तथापि लाकूड लोखंडासारखें निर्जीव नाहीं. हवेंतला ओलावा शोषून तें फुगतें, उन्हानें आकसतें. तें नळीस एका बाजूनें रेटूं लागलें कीं नेम सरकतो. धक्का झेलणारी जागा नीट टेकली नसेल तर कुंदा चिरतो. कलकत्त्याजवळील ईशापूर येथें १९०४ सालीं स्थापन झालेल्या कारखान्यांतील बंदुकांच्या पुढल्या लाकडांत आडवा स्क्रू घालीत, तो याच भीतीनें. लोखंड लाकडांत असें अचूक बसविण्याचें शेवटचें काम यंत्रास पुरतें साधलें नाहीं.

म्हणून हातकाम मेलें नाहीं, तें घरांत शिरलें. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील हौशी नेमबाज लष्करी बंदुकांचे ओबड कुंदे काढून टाकीत आणि आपल्या बाहूच्या व मानेच्या मापाचे नवे घडवीत. रीत जुनीच होती. लोखंडास काजळी फांसावी, तें खांचेंत दाबून उचलावें. काळा डाग पडेल तेवढाच उंचवटा खरवडावा, आणि सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हें पुनःपुन्हां करावें. शेवटीं उकळलेलें जवसाचें तेल हातानें चोळून जिरवावें. दुसऱ्या महायुद्धानंतर एपॉक्सी राळेचें लुकण आलें. लोखंडास मेण लावून तें लुकणांत बसवावें, म्हणजे सुकल्यावर त्याचा हुबेहूब ठसा उरतो. नळीचा पुढला भाग मात्र कित्येकजण लाकडापासून अजीबात सुटा ठेवतात. मधून कागद सरकला म्हणजे झालें.

ब्लँचर्डच्या लेथनें हजारों कुंदे सारखे केले, हें तिचें यश. परंतु एकच कुंदा एकाच माणसाच्या खांद्यास व एकाच नळीस बरोबर बसविणें, हें काम अद्याप काजळी व पटाशी घेऊन बसलेल्या सोशीक हातांचेंच राहिलें आहे.